टोपीतलं पिल्लू

आमच्या घरात पुरुषानं स्वतःचं लेकरू उचलणं हा गुन्हा होता. बैलाला चारचौघांत कुरवाळलेलं चालायचं. पण आईबापासमोर आपलं पोर कडेवर घेतलं की माणूस निर्लज्ज ठरायचा. दादा, म्हणजे माझे वडील, या बाबतीत गावात आदर्श होते. मी सातव्या महिन्यातच जन्मले. आजीनं मला कापसात गुंडाळून जगवलं. दादा म्हणे रोज दारातूनच विचारायचे, "हाय का?"

मी नऊ वर्षांची असताना आईनं खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसवली. एकविसाव्या दिवशी बारा पिल्लं निघाली आणि कोंबडी त्यांना घेऊन टोपल्यातून उठून गेली. तेराव्याची वाट पाहायला तिला सवड नव्हती. त्या अंड्याला नुसतं चोचीएवढं भोक पडलं होतं.

"वाया गेलं ते. टाक उकिरड्यावर," आजीनं आईला सांगितलं.

दादांनी अंडं उचलून कानाला लावलं. "आत बोलून राह्यलंय," म्हणाले. मग डोक्यावरची टोपी काढली, तीत कापूस घातला, अंडं ठेवलं आणि टोपी चुलीशेजारी नेली. ते कवच सोलायला लागले तशी आई ओरडली, "अवं, सोलू नका, रगत येतं! त्याचं त्याला निघू द्या." चहा निवेपर्यंत ज्यांना दम धरवत नसे, ते दादा ओल्या फडक्यानं कवच ओलवत दुसऱ्या दुपारपर्यंत तिथंच बसले. पिल्लू निघालं. पार लोळागोळा, एक पाय वाकडा.

कोंबडीनं त्याला चोच मारून हाकललं. मग ते पुन्हा टोपीत आलं आणि दादा बोडक्यानं हिंडू लागले. आमच्याकडं घरात कुणी वारलं तरच माणूस बोडका फिरतो. दोन शेजारी तर भेटायलाही येऊन गेले.

"कोन मेलं रं घरात?" आजी कडाडली.

"टोपी धुयाला टाकली, माय."

ती टोपी आठ दिवस वाळत होती. दादा बोटावर ज्वारीच्या कण्या घेऊन पिल्लाला भरवत. ते सावरलं, आणि लंगडत त्यांच्यामागं पार बांधापर्यंत जायला लागलं. मला त्याचा भयंकर राग यायचा. ते मरावं असं एकदा मनात आलं, आणि मग माझं मलाच रडू फुटलं.

पुढं माझी मुलगीही अशीच घाईनं जन्मली, जालन्याच्या दवाखान्यात. तोवर आजी-आजोबा दोघंही गेले होते. आईनं बाळ दादांपुढं धरलं.

"मला न्हाई येत धरता," ते मागं सरकले.

"कोंबडीचं बराबर धरता आलतं," आई म्हणाली.

त्यांनी बाळ घेतलं. दोन्ही हातांत, अगदी अंडं धरावं तसं. मग माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "हिच्या येळंला बी लई वाटलं व्हतं घ्यावं. पर माय समोर बसेल राहायची."

मी तिशीला टेकले होते. आता टोपीत मावण्यासारखी राहिले नव्हते.