आईच्या खात्यातूनच

आज सकाळी आईसाठी पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीचे टोकन घ्यायला बसले. टोकन म्हणजे इमारतीचा छोटा डिजिटल हिस्सा. भाडं आलं की त्या प्रमाणात वाटा मिळतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, सगळं तपासूनच तिला दाखवलं होतं.

पैसे भरायचं पान उघडलं. यूपीआय, कार्ड, क्रिप्टो, बँक ट्रान्सफर.

"माझ्या यूपीआयनं भरते, लगेच होईल. तू मला नंतर दे," मी म्हटलं.

"नगं. माझ्या खात्यातनं जाऊ दे."

तिच्या खात्यात फक्त डेअरीला घातलेल्या दुधाचे पैसे जमा होतात आणि तिचा फोन साधा आहे. म्हणजे बँकेत जाणं आलं, रांग आली. मी वैतागले. "अगं, कुठूनही भरले तरी टोकन तुझ्याच नावावर येणार."

"गारगोटीला माहेरच्या जमिनीत पण माझा हिस्सा व्हता की. भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली, दिली. आता हे तरी माझ्या पैशानं होऊ दे. उद्या कुणी म्हणायला नगं, लेकीनं घेऊन दिलं."

मी तिला स्पष्ट सांगितलं, ही जमीन नव्हे. किंमत पडू शकते, हवं तेव्हा विकता येईलच असं नाही.

"बुडालं तर बुडू दे. आजवर माझं म्हणून बुडायला काय व्हतंच कुठं?"

मी गाडी काढली आणि आम्ही बँकेत गेलो.

तुमच्या आईच्या नावावर काय आहे? कधी विचारलंय?