जास्वंदीचा तांबडा

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि आम्ही दोघं रियाधला मुलाकडं राहायला होतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण सोलापूरला गिरणीच्या रंगखात्यात छत्तीस वर्षं काढली. रंगातलं मला कुणी शिकवू नये.

खालच्या मजल्यावर कोल्हापूरकडची एक बाई राहायची, नवरा बँकेत. दर शुक्रवारी इमारतीतल्या बायका तिच्याकडं जमून फुलांचे गालिचे करायच्या. जुन्या पांढऱ्या लोकरी ब्लँकेटच्या पट्ट्या कापायच्या, रंगवायच्या, आणि ताणलेल्या गोणपाटातून एकेक पट्टी आकड्यानं वर ओढायची. फासाला फास लागून फूल तयार होतं. आमच्या हिनं जास्वंद धरली होती. पानांचा हिरवा मात्र मला न विचारता खालच्या बाईकडून रंगवून आणला.

"घरात रंगारी बसलाय," मी म्हटलं, "आणि तू शेजारणीपुढं हात पसरतीस?"

"तुम्ही गिरणीत टॉवेल रंगवायचात. तिचा हात बघा एकदा, काय रंग उतरतो!"

तिचा हात बघा म्हणे! लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, माझ्या हाताला ही असं कधी म्हटली नव्हती. दोन घास कमीच गेले त्या दिवशी. मी सांगून टाकलं, फुलाचा तांबडा माझाच.

मोठं पातेलं घेतलं. पाणी हळूहळू तापवलं, कारण लोकरीला एकदम चटका बसला की ती आटून गच्च होते. व्हिनेगर घातलं आणि रंग असा चढवला की शेवटी पातेल्यात नुसतं स्वच्छ पाणी राहिलं. वाळल्यावर पट्ट्या उन्हात धरून पाहिल्या. कुठं डाग नाही, फिकट नाही. पहिली पट्टी तशी शेवटची.

खालची बाई वर आली होती. म्हणाली, "काका, अगदी मशीनमधून काढल्यासारख्या झाल्यात हो!"

मी मिशीत हसलो. सुनेलाही ऐकवलं, बघ, ती स्वतःच कबूल झाली.

आठवडाभरात हिनं फूल भरलं. त्यानंतर एका दुपारी मी झोपून उठलो तर ही गालिचा मांडीवर घेऊन माझा तांबडा उसवत होती. शेजारी दुसऱ्या पट्ट्यांचा गुंडाळा. कुठं काळपट, कुठं गुलाबी, कुठं नारिंगी झाक.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. जरा बदलतीय."

"कुणाचा आहे तो?"

हिनं गुंडाळा पदराखाली ओढला. म्हणजे कुणाचा ते कळलंच.

"असला माल मी गिरणीत काढला असता तर मुकादमानं तोंडावर फेकला असता! डागच डाग आहेत."

"अहो, ओरडू नका. हिकडं या." हिनं गालिचा जमिनीवर पसरला. "ही तुमची पाकळी. आणि ही तिच्या रंगाची. आता खरं सांगा."

माझी पाकळी म्हणजे जमिनीवर सांडलेलं कुंकू. कुठली वर, कुठली खाली, काही कळत नव्हतं. दुसरी देठाकडं काळसर होती, कडेला उजळ होत गेलेली, जराशी वळल्यासारखी. सोलापूरच्या घरी दारातली जास्वंद तशीच असते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

"टॉवेल एकसारखा पाहिजे," ही म्हणाली. "फूल कधी एकसारखं असतं का?"

"उजेड बरा नाही इथला," म्हणून मी गच्चीवर निघून गेलो.

हिनं मला वाईट म्हटलं असतं तर चाललं असतं. लपवून उसवत होती, ते लागलं. आणि त्या बाईचा राग असा की जिन्यात दिसली तरी मी नमस्कार घेतला नसता. वर बसल्या बसल्या मात्र डोकं तिच्या डागांतच अडकलं. कसे पडले ते मी बघितल्याबरोबर ओळखलं होतं. लहान भांडं, पाणी कमी, पट्ट्या दाबून कोंबलेल्या, वरून दोन-तीन रंग आणि ढवळायचं नाही. नवीन पोरांना आम्ही ज्याच्यासाठी शिव्या द्यायचो, नेमकं तेच.

खाली जाऊन तिला विचारायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही अंघोळीला गेल्यावर मी चहाचं पातेलं घेतलं, उरलेल्या पांढऱ्या पट्ट्या त्यात कोंबल्या, एका बाजूनं तांबडा ओतला, दुसरीकडून चिमूटभर काळा, मंद गॅसवर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून समोर बसून राहिलो.