उजव्या खिशातले सतरा चिंचोके

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि ती तर माझ्या पावलांच्या आवाजावरून मी कुणाशी भांडून आलोय ते ओळखायची. आता ती नाही. ज्याला सांगायला हवं होतं, तोही गेल्या वर्षी गेला. उरलात तुम्ही. बसा जरा. मी सरळ सांगणार नाही, मला ते जमत नाही, पण सांगेन.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पलटणीत सात वर्षं काढली, तिथेच बॉक्सिंग शिकलो. मग तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, तेव्हा एका ठेकेदाराकडे स्टोअरकीपर म्हणून लागलो. सिमेंटची पोती मोजायची. दहा पोती उतरली की एक चिंचोका खिशात टाकायचा, ही माझी पद्धत. कागद वाऱ्याने उडतो, पेन्सिल कुणीतरी कानावर ठेवून निघून जातो, चिंचोका मात्र जागेवर राहतो. संध्याकाळी बोईसरच्या एका रिकाम्या शेडमध्ये मी बॉक्सिंग शिकवायचो. ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या आणि वाळू भरलेलं एक पोतं, एवढाच संसार. म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मला ते आवडायचं. फार आवडायचं – हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शिकायला आलेल्यांत दोघेच खरे तयार झाले. एक शिवराम, बांधकामावरचा वेल्डर, आमच्याच भागातला. दुसरा हरेश, जवळच्याच मुरबे गावचा मच्छीमार. शिवराम रोज वेळेवर यायचा, सांगितलं तेवढंच करायचा. हरेश भरती-ओहोटीच्या हिशेबाने यायचा. होडी समुद्रात असली की आठ-आठ दिवस त्याचा पत्ता नसे. पण जाळी ओढून ओढून त्याचे खांदे असे झाले होते, की त्याच्या ठोशाने पोत्याची शिवण उसवायची आणि दुसऱ्या दिवशी मी सुई-दोरा घेऊन बसायचो.

सव्वीस जानेवारीला बोईसरच्या मैदानावर दोघांची लढत ठेवली. तीन फेऱ्या, तीन पंच – पालघरचे एक ड्रिल मास्तर, बांधकामावरचे एक इंजिनिअर आणि मी. प्रत्येकाने शेवटी चिठ्ठीवर जिंकणाऱ्याचं नाव लिहायचं. दोघेही माझेच चेले, तेव्हा माझ्याइतका निष्पक्ष माणूस कुठे सापडणार? असं लोक म्हणाले. मीही म्हणालो.

मैदान अर्धं मुरब्याचं, अर्धं कामगारांचं. पहिल्या फेरीतच शिवरामचं नाक फुटलं. रक्त त्याच्या बनियनवर, दोरावर, पुढच्या रांगेतल्या इंजिनिअरसाहेबांच्या पांढऱ्या पँटवर. दुसऱ्या फेरीत त्याने हरेशला बरगडीत असे दोन ठोसे लगावले की हरेश वाकला तो वाकलाच, मला वाटलं संपलं. तिसऱ्या फेरीत दोघांनाही काही दिसत नव्हतं. नुसते हाणत होते. ओठ फाटलेले, भुवया फुटलेल्या, ग्लोव्ह्ज रक्ताने चिकट झालेले, आणि भोवती शेकडो माणसं ‘मार, मार’ ओरडतायत. मीही मनात तेच ओरडत होतो. कुणाला मार म्हणत होतो, ते सांगतोच.

माझ्या मांडीवर चिंचोके होते. हरेशचा ठोसा नीट बसला की एक उजव्या खिशात, शिवरामचा बसला की डाव्या. बोटांना सवयच होती. घंटा झाली तशी मी दोन्ही खिशांत हात घालून मोजले.

मग चिठ्ठी लिहिली.

तीन चिठ्ठ्या उघडल्या. एकीवर हरेश, दोहोंवर शिवराम. मुरबेकर खवळले, खुर्च्या उडाल्या, एकाचं डोकं फुटलं. ड्रिल मास्तरांनी तिथेच जाहीर केलं की हरेशच्या नावाची चिठ्ठी त्यांची. म्हणजे माझी कुणाची, हे शेंबड्या पोरालाही कळलं.

पुढचा महिनाभर स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. कोण जिंकलं? किती ठोसे पडले? आणि मधल्या बाकावर मी! काय रंगवून सांगायचो म्हणता! हरेशचे ठोसे दंडावर पडले, ते धरत नाहीत. ठोसा मुठीच्या पुढच्या भागाने बसला तरच खरा. तुम्ही लांबून बघता, तुम्हाला काय दिसणार. माणसं माना डोलवायची. ड्रिल मास्तर एकदा पालघरहून मुद्दाम आले आणि माझ्याशी वाद घालायला लागले. मी त्यांना चारचौघांत असं उघडं पाडलं की ते चहा अर्धा टाकून गेले. ते बरोबर होते.

हो. ते बरोबर होते. उजव्या खिशात सतरा चिंचोके होते, डाव्यात चौदा.

मग मी शिवरामचं नाव का लिहिलं? अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की भीतीने लिहिलं – कामगारांचा जमाव पाठीशी उभा होता, नोकरी तिथेच होती, शिवराम गाववाला. सगळं खोटं. घाबरणारा मी नव्हतो, पलटणीत राहिलेला माणूस. खरं कारण एवढंसं आहे. लढतीच्या पंधरा दिवस आधी शेडमध्ये हरेशला एक डाव दाखवायला मी स्वतः ग्लोव्ह्ज चढवले होते. त्याने मला एका ठोशात पाडलं. सगळे हसले. हरेश हसला नाही – त्याने हात दिला, मला उठवलं, माझ्या पाठीवरची धूळ झटकली आणि हळूच म्हणाला, “लागला काय, मास्तर?”

हसला असता तर मी विसरलो असतो. ती धूळ झटकलेली मला सहन झाली नाही. त्याला मार खाताना बघायचं होतं मला.

इथवरही एकवेळ चाललं असतं. लढती हरतात माणसं. पण त्यानंतर तो माझ्याकडे आला. स्टोअरच्या दारात उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, “मास्तर, गावात सगळी सांगतात मी जिकलो हाय. तुमी सांगा. तुमी सांगाल ता खरा.”

मी पोती मोजत होतो. मान वर न करता म्हणालो, “हरलास. थोडक्यात, पण हरलास.”

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, “मंग आता ग्लोव नको न् चिठ्ठी पण नको. मुरब्याला येवं दे त्याला.”

शिवराम मुरब्याला गेला. मास्तरच्या मेहरबानीने जिंकला, असं लोक त्याला रोज ऐकवत होते, तोही पेटलेला होता. आणि पंच म्हणून दोघांनी मिळून कुणाला बोलावलं? मला.

भर दुपारी, ओहोटीला, ओल्या वाळूवर. एक जण खाली बसेपर्यंत मारायचं, एवढाच नियम. एक वाक्य बोललो असतो तर सगळे घरी गेले असते. मी बोललो, “सुरू.”

आता हे ऐका. ग्लोव्ह्जमध्ये हात पुरता मिटत नाही, अंगठा कडेला पडून राहतो. ग्लोव्ह्ज घालूनच शिकलेल्याला उघड्या हाताची मूठ वळता येत नाही; अंगठा बाहेर उभा राहतो. पलटणीत हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. माझ्या शेडमध्ये मी ते कधी शिकवलं नव्हतं. शिवरामचा अंगठा बाहेर आहे, हे मला पहिल्या मिनिटाला दिसलं. थांबवायला हवं होतं. पण हरेश मार खात होता, आणि मी बघत होतो.

चौथ्या का पाचव्या ठोशाला तो अंगठा हरेशच्या डाव्या डोळ्यात गेला. आवाज झाला नाही. हरेशने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तो वाळूत बसला, आणि बोटांमधून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. शिवराम बाजूला जाऊन ओकला. नियमाप्रमाणे बसणारा हरला. मी शिवरामचा हात वर केला. खरंच केला. सवयीने केला असेल, मला माहीत नाही.

डोळा गेला. हरेश एका डोळ्याने होडीवर जात राहिला. फेकलेला दोर झेलताना चुकायचा, मग हवेत हात फिरवून शोधायचा. त्याने मला कधी दोष दिला नाही. उलट पापलेट आणून द्यायचा. गावात कुणी म्हणालं की तू जिंकला होतास, तर भांडायला उठायचा – मास्तर खोटं बोलणार नाय. मी ते पापलेट खात आलो. चाळीस वर्षांहून जास्त.

गेल्या वर्षी त्याच्या बाराव्याला मुरब्याला गेलो. त्याच्या मुलाने मला पुढच्या पानावर बसवलं. आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, हे बाबांचे मास्तर. मग वाढता वाढता खाली वाकून विचारलं, “मास्तर, बाबा किती थोडक्यात हारले हो?”

“अगदी थोडक्यात,” मी म्हणालो. आणि पानात वाढलेलं सगळं जेवून घरी आलो.