हॅमवरचा पाक

लग्नानंतरचा माझा पहिला नाताळ होता. त्याच्या आदल्या आठवड्यात सासूबाई घसरून पडल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि हॅमवर, म्हणजे भाजायच्या डुकराच्या मांसावर, लावायचं ग्लेझ, तो चकचकीत गोडसर पाक, करणं माझ्या गळ्यात पडलं. नाताळच्या दुपारी वसईहून नवऱ्याचे काका-काकू पनवेलला जेवायला यायचे होते. ‘त्या मुलीला आपलं काय जमणार,’ असं काकू लग्नात म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

मी करंजा गावची, कोळ्याची मुलगी. मासळी कशीही सांगा, करून घालीन. डुकराच्या मांसाला मात्र तोवर हात लावला नव्हता.

सकाळी सगळे चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायला निघाले. जाताना मम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळं पुन्हा समजावलं: गूळ, संत्र्याचा रस, मोहरीची पेस्ट आणि थोडं व्हिनेगर आटवायचं, दाटसर झालं की ब्रशने लावायचं. त्यांनी माझ्याकडून हॅमवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाडून घेतल्या होत्या आणि त्यात लवंगाही खोचून घेतल्या होत्या. मी मान हलवत राहिले, पण अर्धंही डोक्यात शिरलं नाही.

हॅम ओव्हनमध्ये गेला. गॅसवर पाक उकळत होता. तो दाट झाला की नाही, या धास्तीने मी आटवतच राहिले. शेवटी गॅस बंद केला, तर चमचा पातेल्यातच रुतून बसला. घरात गूळही उरला नव्हता. काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

पाकातलं कळणारी एकच बाई मला माहीत होती, माझी आई. नारळीपौर्णिमेला तिच्या वड्या कधी बिघडल्या नाहीत. पण मी ख्रिश्चन घरात लग्न केल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. नंबर लावून मी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा वाजू दिला, तेव्हा फोन तिनेच उचलला. पाक दगड झालाय, एवढंच मी कसंबसं सांगितलं.

“कशाला लावायचा हाय?”

खोटं सांगावंसं वाटलं. पण तोंडातून खरंच निघालं. “डुकराच्या मांसाला.”

 आता ती फोन ठेवणार असं मला वाटलं, पण ती म्हणाली, “गरम पाणी घाल. गार नको, उडंल. बारीक गॅसवर ठेव, घाई करू नको. थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघ, मऊ राहिला की उतरव.”

एवढं सांगून तिने फोन ठेवला. मी तसंच केलं. हळूहळू चमचा सुटला. हॅम बाहेर काढून पाक लावताना एका बाजूला जाड थर बसला आणि पुन्हा ओव्हनमध्ये गेल्यावर तिथे जरा करपलंच. काकूंनी नेमका तोच तुकडा उचलला आणि पुन्हा मागितला. एवढंच. कौतुक काही केलं नाही.

रात्री भांडी आवरताना मी मम्मींना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, “चल, तुझ्या आईला भेटून येऊ.”

जानेवारीत आम्ही दोघी करंज्याला गेलो.  रिक्षात मी मम्मींना ‘परत फिरू या’ असं म्हटलंही. आईने दार उघडलं, दोघींकडे पाहिलं. माझ्याशी काही न बोलता तिने मम्मींच्या हातातली केकची पिशवी घेतली आणि चहा ठेवायला आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं होतं.