बंद लॅपटॉपमधलं नाटक

लॅपटॉप सुरू होत नाही, एवढंच धाकट्या भावानं फोनवर सांगितलं. मी विचारलं, बटण दाबल्यावर दिवा लागतो का, पंखा फिरतो का, काही आवाज येतो का.

"बाई, सुरू होत नाई म्हंजे होत नाई," तो म्हणाला. "अन् रविवारी मालक नाटक ऐकाले येऊन राह्यले."

त्याचा आवाज ऐकून मला लॅपटॉपपेक्षा त्याच्या घशाची जास्त काळजी वाटली. माझा भाऊ पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्पटर आहे. दिवाळी झाली की होळीपर्यंत कंपनी आज या गावाच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, तर उद्या त्या गावाच्या. नटांच्या डोक्यात एकाच वेळी तीन-चार नाटकं असतात आणि तालमींना वेळ नसतो. मग प्रॉम्पटर विंगेत बसून सगळं नाटक रात्रभर सांगतो. प्रेक्षकांना नटाचं वाक्य ऐकू येतं, त्याच्या अर्धं वाक्य आधी ते भावानं म्हटलेलं असतं. थंडीतल्या अशा रात्रींनी त्याचा घसा गेला. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता हे काम सोडा. त्यानं ते निमूटपणे ऐकलं आणि घरी येऊन स्वतःचं नाटक लिहायला घेतलं. कंपनीच्या मालकांनी नाटक घेतलं तर लेखक म्हणून तो तिथे राहणार होता. नाहीतर या दिवाळीनंतर गाडी त्याला न घेता निघणार होती.

ते नाटक त्यानं एका बोटानं माझ्याच जुन्या लॅपटॉपवर टाइप केलं होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये त्यानं बायकोला भजनं भरून दिली होती.

मी चंद्रपूरला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. बंद पडलेली यंत्रं माझ्या रोजच्या पाहण्यातली. शनिवारी रात्रीच पिशवी भरली: बारीक स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा मऊ ब्रश, खोडरबर, दुसरा चार्जर, डिस्क बाहेरून जोडायची डबी आणि माझा लॅपटॉप. सकाळच्या गाडीत मूल स्टेशन येईपर्यंत कागदावर क्रम लिहून झाला होता. आधी वीज, मग पडदा, मग मेमरी, शेवटी डिस्क. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर यंत्र कशानं सुरू झालं ते कळत नाही, आणि कारण कळलं नाही तर तो बिघाड दुरुस्त झाला असं मी मानत नाही. सिंदेवाहीपासून पुढे करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून पिशवीची चेन उघडून सगळं पुन्हा मोजलं. समोरच्या बाई माझ्याकडे बघत पाय आवरून बसल्या.

नागभीडला घरी पोचले तेव्हा भाऊ अंगणात येरझारा घालत होता. त्याचे ओठ हलत होते.

"दुकानात दाखवला?" मी चपला काढता काढता विचारलं.

"दाखवला ना. तो म्हणे मदरबोर्ड गेला. नवीन घ्या."

"उघडून पाहिला त्यानं?"

"नाई. वरूनच समजते म्हणे त्याले."

भावजयीनं चहा आणला. मी तो ओट्यावर ठेवला आणि टेबल मागितलं. आधी माझा चार्जर लावला. दिवा लागला. पंखा फिरला. पडदा काळाच, पण आतून टी टी टी असा आवाज आला, मग जरा शांतता, आणि पुन्हा तसाच आवाज. मला बरं वाटलं. ओरडणारं यंत्र मेलेलं नसतं.

"हे ओरडते ते फोनवर काऊन नाही सांगितलं?"

"मले वाटलं बॅटरी बोंबलून राह्यली."

वीज नीट होती, ती ओळ कागदावर खोडली. मग टीव्हीची केबल जोडून पाहिली. तिथेही चित्र नाही, म्हणजे दोष पडद्याचा नव्हता. उरली मेमरी. बॅटरी काढून मी मागचे स्क्रू एकेक करून चहाच्या बशीत ठेवायला सुरुवात केली. भाऊ टेबलाभोवती फिरत होता. दारापर्यंत जायचा, रस्ता पाहायचा, परत यायचा.

"बस ना एका जागी," मी म्हटलं.

"तू बसली आहे का?"

मी उभीच होते. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मागचं झाकण उचललं आणि मी थांबले. पंख्याच्या पात्यांवर, जाळीत, मेमरीच्या खाचेत सगळीकडे पिवळसर भुगा होता. बोटावर घेतला. धूळ नव्हती. भाताच्या गिरणीत अंगावर बसतो तसा कोंडा, आणि त्यात धानाचं एक अख्खं तूस.

"हा धानाच्या ढोलीत होता का?"

भावानं भावजयीकडे पाहिलं. भावजयीनं ओट्यावरच्या चहाकडे.

"तांब्या कलंडला होता त्याच्यावर," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधी. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात ना बाई, तसंच म्हणलं."

"तांदळात ठेवतात. धानात नाही."

"तांदूळ कुठून आनू? पिंपातला संपला होता. धान भरडाले न्यायचंच होतं. ढोली भरली होती, तिच्यात दाबला."

"उभा दाबला का आडवा?"

"उभा. आडवा बसत नोहता."

मला हसू आलं, पण भाऊ इतक्या गंभीरपणे उभा होता की मी ते गिळलं. चार दिवस लॅपटॉप धानात उभा होता. मग झटकून त्यानं तो चालवला आणि पंख्यानं अंगावरचा सगळा कोंडा आत ओढून घेतला. पुढे कित्येक दिवस तो चाललाही. तिसरा अंक त्यानंतरच लिहून झाला, असं भाऊ सांगत होता.

ब्रशनं खाच साफ केली. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं हळूहळू पुसल्या आणि ती टक् असं वाजेपर्यंत खाचेत बसवली. बटण दाबलं. ओरडणं थांबलं. पडद्यावर उजेड आला. भाऊ "आला, आला" म्हणत वाकला आणि तेवढ्यात पडद्यावर इंग्रजी ओळ आली, की सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही.

"काय म्हणते तो?"

"डिस्क दिसत नाही म्हणतो."

"नाटक त्याच्यातच आहे ना?"

"हो."

तो बाहेर गेला. अंगणातून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, मध्येच खोकला. तो पहिला अंक म्हणत होता. नाटक पाठ आहे का हे तो स्वतःलाच विचारून पाहत होता आणि सारखा अडत होता. दुसऱ्याची नाटकं त्याला समोर वही असली की पाण्यासारखी यायची. स्वतःचं नाटक त्यानं इतक्यांदा बदललं होतं की कोणतं वाक्य शेवटचं, ते त्यालाही ठरवता येईना.

मी डिस्क काढली. ती ज्या जोडणीत बसते तिथे हिरवट गंज होता. ते तांब्यातल्या पाण्याचं काम. आता डिस्कवर पाणी गेलं होतं का, एवढाच प्रश्न होता, आणि तो बघून कळणारा नव्हता. डिस्क डबीत घातली, डबी माझ्या लॅपटॉपला जोडली आणि कान लावला. ती फिरायला लागली. खडखड नव्हती. तरी पडद्यावर काही येईना. मी केबल बदलली. पुन्हा वाट पाहिली. भावजय पदर बोटाला गुंडाळत माझ्या मागे उभी होती. शेवटी फोल्डर दिसले. त्यातलं एक नाटकाचं.

भावाला हाक मारली. तो धावत आला. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं.

"सडलं," तो म्हणाला आणि खाली बसला. सकाळपासून पहिल्यांदाच बसला.

"सडलं नाही. तू जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंस. तो माझ्याकडे नाही, पण या डिस्कमध्ये असणार."

तो शोधून माझ्या लॅपटॉपमध्ये टाकला. पानावर मराठी उमटली. भावानं पहिलं वाक्य वाचलं, मग घाईनं शेवटच्या पानावर गेला. तिन्ही अंक होते. मी ताबडतोब दोन प्रती केल्या आणि मगच गार झालेला चहा प्यायले.

मालक वडशाहून मोटारसायकलनं आले. धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात तंबाखूचा खर्रा. खुर्ची ओढून म्हणाले, "चला भाऊ. होऊ द्या."

भावानं पहिलं पान वाचलं. दुसऱ्यावर आवाज फाटला. खोकला थांबेना. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि पुढे वाचायला लागले. जरा वेळानं मालकांनी चष्मा काढला.

"बाई, नाटक आहे का किराण्याची यादी?"

भावजय फसकन हसली. मला राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं. तेव्हा भाऊ माझ्या मागे येऊन बसला आणि हलक्या आवाजात माझ्या अर्धं वाक्य पुढे राहून सांगू लागला. कुठे थांबायचं, कुठे पळायचं, बाप मुलीवर ओरडतो तेव्हा ओरडायच्या आधी किती गप्प राहायचं, ते सगळं त्या कुजबुजण्यात होतं. मी फक्त मागून चालले. कुजबुजताना त्याचा घसा अडत नव्हता. दुसऱ्या अंकापर्यंत मालकांनी खुर्ची माझ्यासमोरून हलवून त्याच्या बाजूला नेली होती.

तिसरा अंक संपल्यावर ते बाहेर जाऊन थुंकून आले.

"शेवट लांबला. छाटा. मंडईच्या एका गावाले लावून पाहू. चाललं तर पुढं."

भावानं मान हलवली.

"पन प्रॉम्पटर दुसरा पाह्यला मी. रातभर तुमचा गळा टिकत नाई, भाऊ. तुमाले बी माहीत आहे."

मग भाऊ म्हणाला, "त्याले इथी पाठवा. कुठी थांबाचं ते सांगतो."

"पाठवतो," म्हणून मालक गेले.

भावजयीनं ताटं वाढली. तो जेवायला बसला नाही. घरात, अंगणात, परत घरात. माझी संध्याकाळची गाडी जवळ आली होती. मी डबी, केबल, ब्रश पिशवीत टाकले. लॅपटॉप उचलणार तोच तो म्हणाला, "बाई, शेवटचा प्रवेश एकदा वाच. कुठी छाटाचं ते मले पाहाचं आहे."

"तूच सांग ना मागून."

"नाई. मले ऐकाचं आहे."

पिशवी खांद्याला अडकवूनच मी वाचायला लागले. तो माझ्या मागे आला नाही. मालक आधी बसले होते तिथे, माझ्यासमोर, खुर्ची नेऊन बसला. मी कितीतरी वेळा चुकीच्या जागी थांबले. त्याचे ओठ हलायला लागायचे आणि तो ते दाबून धरायचा.