मागचा गिअर

अंबडला आमच्या शेजारी एकटेच राहणाऱ्या गृहस्थांनी जुने सुटे भाग जमवून घरीच गिअरची सायकल जोडली होती. चेन मात्र मागच्या चक्रावर नीट बसत नव्हती. रोज संध्याकाळी ते सायकल झोपाळ्याच्या कडीला टांगत आणि मला हाक मारत, "भाऊ, जरा पायडल फिरवा." डोळे मिटून ऐकत, गिअरचा स्क्रू किंचित पिळत. "आता बराबर!" म्हणेपर्यंत चेन पुन्हा खडखडायची. मग ते चहा टाकत.

एकदा गिअरची पट्टीच वाकली असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ती सरळ केली आणि खडखड थांबली. हाकही थांबली.

आठवड्याने पुन्हा आली. "या हो, परत आवाज करून राह्यली."

मी पायडल फिरवलं. चेन अगदी गुपचूप फिरत होती.

"येतोय थोडा आवाज," मी म्हणालो.

स्क्रूला हात न लावताच ते चहा टाकायला उठले.