समुद्रापलीकडच्या विमानाचं अपील

कंपनीत त्यांना सगळे मसुदेकाका म्हणत. चार विमानांची ती लहानशी कंपनी. सरकारला जाणारा प्रत्येक कागद काकांच्या हातचा असायचा, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

समुद्रापलीकडच्या बंदराच्या शहरात इथली हजारो माणसं कामाला होती. तिथं थेट विमान सुरू करायचं ठरलं तेव्हा सरकारनं परवानगी फक्त एका मोठ्या कंपनीला दिली आणि काकांच्या कंपनीला यादीतून वगळलं. कारण एका ओळीत उरकलं होतं: या मार्गावर दुसऱ्या कंपनीपुरते प्रवासी नाहीत.

ती ओळ काकांच्या जिव्हारी लागली. मालकांनी सरकारकडे अपील करायला सांगितलं, पण काका नुसता मसुदा लिहून गप्प बसले नाहीत. पाच महिने रोज ऑफिसच्या आधी ते वही घेऊन विमानतळावर उभे राहिले. कुठं निघालात, तिकीट किती दिवसांनी मिळालं, वाटेत विमान किती वेळा बदलणार, असं एकेकाला विचारत. रखवालदारानं दोनदा हटकलं. एक नर्स म्हणाली, तिकीट मिळून मी पोचेपर्यंत आईचं सगळं उरकलं होतं. आता घराला कुलूप लावून परत चाललेय. काकांनी तेही लिहून घेतलं. बायको चेष्टा करायची, की पगार तेवढाच आणि ऐट अशी, जणू विमान यांच्याच मालकीचं.

अपील एकशे चाळीस पानांचं झालं. ते द्यायला काका स्वतः मंत्रालयात गेले. तिथल्या साहेबांनी चाळून पाहिलं, बसायला खुर्ची दिली.

"इतकं नेटकं काम आमच्याकडेही कोणी करत नाही हो," साहेब म्हणाले.

त्या एका वाक्यावर काका आठ महिने तरंगत होते.

मग निकाल आला. मालकांनी केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. काकांनी तो उभ्याउभ्याच वाचला. या मार्गावर प्रवासी भरपूर आहेत, हे अर्जदारानं पुराव्यानिशी दाखवून दिलं आहे, असं त्यात मान्य केलं होतं. आकडे काकांचे, तक्तेसुद्धा काकांचेच. सबब, तिथं आधीपासून सेवा देणाऱ्या कंपनीला दुसऱ्या विमानाची परवानगी देण्यात येत आहे. अपील निकाली.

"म्हणजे पाच महिने मी त्यांच्यासाठी राबलो," काका म्हणाले.

मालकांनी मान वर केली नाही. "कोर्टात गेलो नाही, तर मंत्रालयातले आपल्याला देशातला एखादा मार्ग देऊ म्हणतायत. आभाराचं पत्र लिहा. तुमच्याइतकं चांगलं कोणाला जमणार?"

नाही म्हणावं, असं काकांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते जागेवर गेले आणि अर्ध्या तासात पत्र लिहून दिलं. मालकांनी न वाचताच सही केली.

घरी त्यांनी अपील फेटाळल्याचं सांगितलं. ते कोणाच्या कामी आलं, हे मात्र बायकोलाही कधी कळू दिलं नाही.